सॉर्टरनाना

पाटोद्यात रेल्वे नाही. नगरहून बीडला गाडी यायलाच २०२५ सालचा सप्टेंबर उजाडला, आणि आली तीही पाटोद्याच्या स्टँडवरून दिसत नाही. अशा गावच्या माणसानं उभी नोकरी धावत्या गाडीत काढली, हे सांगितलं तर नव्या पोरांना थाप वाटते. नानांनी काढली. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये ते सॉर्टर होते. खातं टपालाचं, डबा रेल्वेचा, समोर भिंतभर लाकडी खण आणि हातात पत्रांचा गठ्ठा. दौंड सुटलं की नगर यायच्या आत नगरची थैली तोंड बांधून तयार पाहिजे. मनमाडच्या वाटेवर इतकी वर्षं गेली, पण खिडकीबाहेर काय दिसतं हे नानांना आजही सांगता येत नाही. कोपरगावचा पिन मात्र झोपेतून उठवून विचारा.

रिटायर झाल्यावर कुणी भजनाला लागतो, कुणी बांधावरून भांडायला लागतो. नाना गाव लावायला लागले.

म्हणजे काय, तर त्यांच्या समोर वस्तू ओळीत नसली की त्यांना अन्न गोड लागत नाही. हॉटेलात चहा सांगितला की तो येईपर्यंत ते पेपरची पानं नंबरवार लावतात, आणि ज्याच्या हातात पान तीन असेल त्याच्याकडून ते मागून घेतात. मेडिकलवाल्याच्या काउंटरवरच्या चिठ्ठ्या तारखेनं लागतात. मयतीला गेले तर दारातल्या चपला मापानं लावून येतात. लोक रडून बाहेर येतात आणि मग पाऊण तास चपला शोधतात, कारण प्रत्येकाला आपण चप्पल कुठं काढली तेवढं पक्कं आठवत असतं, आणि आता ती तिथं नसते. याबद्दल एकदा सरपंचांनी त्यांना हात जोडून विनंती केली. नाना म्हणाले, ‘‘तुम्हाला तुमचं माप माहीत नाही, यात माझा काय दोष?’’

असा लावणारा माणूस प्रत्येक गावात एक असतोच. बाकीच्या गावांत तो हौशी असतो, आमच्याकडे शिकलेला आहे, एवढाच फरक.

नवा माणूस भेटला की आपण विचारतो, कोणत्या गावचे, कुणाचे पाहुणे. नाना विचारतात, ‘‘पिन?’’ समोरचा गोंधळून ‘पाटोदा’ म्हणाला, तर पाटोद्याच्याच चौकात उभं राहून ते विचारतात, ‘‘कोणतं?’’ यात वेडेपणा नाही. येवल्याकडं एक पाटोदा आहे. संभाजीनगरजवळ एक आहे, आणि ते आदर्श गाव म्हणून इतकं गाजलंय की मोबाइलवर नुसतं ‘पाटोदा’ टाकलं की आधी तेच समोर येतं. आमचं गाव तालुक्याचं, पण शोधात खाली कुठंतरी. बाहेरगावच्या माणसाला आमचं गाव कळलं की तो आमच्या स्वच्छतेचं कौतुक करतो आणि आम्ही ते मुकाट्यानं घेतो. एका लग्नात पाहुण्यांची जीप नकाशाच्या भरवशावर थेट त्या पाटोद्यात गेली. अक्षता पडल्या तेव्हा मामा तिकडं स्वच्छ रस्त्यावर उभे होते. नाना मांडवात सगळ्यांना सांगत फिरत होते, ‘‘पत्रिकेवर पिन घाला म्हणून मी छापायच्या आधीच बोललो होतो.’’

नानांच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे, बालाजी आहे. पण हात जोडून नाव घेतात ते श्रीराम भिकाजी वेलणकरांचं. दळणवळण मंत्रालयातला हा अधिकारी संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहायचा, आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशाला पिनकोड मिळाला तो त्यांच्या डोक्यातून. एका नावाची पन्नास गावं, बारा लिप्या आणि वर पत्ता लिहिणाऱ्याचं अक्षर. या सगळ्यावर वेलणकरांनी सहा आकडे बसवले. पहिला आकडा ४ असला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या बाजूचं. पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाचं पोस्ट ऑफिस. आमचा पिन ४१४२०४. आता जिल्हा बीड, बीड शहराचा पिन ४३१ नं सुरू होतो, आणि आमचा ४१४ नं, म्हणजे नगरच्या खणात. मराठवाड्याच्या अभिमानाचा कुणी पोरगा यावरून तापला की नाना त्याला गार करतात : ‘‘टपाल कलेक्टरला विचारून जात नसतं बाबा. रस्त्याला विचारून जातं.’’

१ सप्टेंबर २०२५ ला रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, त्या दिवशी नानांनी दाढी केली नाही. त्याच वर्षी खात्यानं डिजिपिन काढला होता : देशभराचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा पत्ता. नानांनी आपल्या वाड्याचा डिजिपिन माझ्याकडून काढून घेतला आणि निराश झाले. ओट्याचा एक, स्वयंपाकघराचा दुसरा. ‘‘म्हणजे माझा आणि हिचा पत्ता आता वेगळा,’’ ते म्हणाले. आतून नानींचा आवाज आला, ‘‘बरं झालं.’’

माझा कॉम्प्युटरचा क्लास स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. एमएस-सीआयटी, टॅली, आणि पुण्याला इंजिनिअरिंगला जाऊ म्हणणाऱ्या पोरांसाठी सी आणि पायथन. नाना तिथं येतात ते ज्ञानासाठी नाही, इन्व्हर्टरसाठी. लाइट गेली की गल्लीत पंखा फिरतो तो आमच्याकडेच. मागच्या बाकावर बसून ते पेपर लावत असायचे. पण एक दिवस मी फळ्यावर ‘सर्चिंग आणि सॉर्टिंग’ लिहिलं, आणि मागून पेपरचा आवाज थांबला.

पहिला धडा लिनिअर सर्च. पहिल्यापासून एकेक बघत जायचं, सापडलं की थांबायचं. पोरं हसली, यात शिकायचं काय? दुसरा बायनरी सर्च. यादी आधी क्रमानं लावलेली असेल तर मधलं नाव बघा, आपलं नाव त्याच्या पुढं की मागं ते ठरवा, नको ती अर्धी यादी सोडून द्या, उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा मधलं बघा. हजार नावांत दहा वेळा बघून काम होतं, दहा लाखांत वीस वेळा. हे ऐकल्यावर पोरांना चेव आला. त्यांना जगातली प्रत्येक यादी लावून टाकायची होती. चाळीस रोल नंबरांतून एक शोधायचा होता, तर आधी ते चाळीस चढत्या क्रमानं लावायला निघाली.

‘‘काय करायलाव रे?’’ मागून नाना. ‘‘एकदाच शोधायचंय ना? मग थैली उलटी करा आन् बघा. एका पत्रासाठी अख्खी थैली लावत बसणारा माणूस आमच्या डब्यात आठवडाभर टिकला नसता.’’

हे पुस्तकात असतं, पण इतक्या लवकर नसतं. लावण्याची मेहनत वसूल होते ती पुन्हा पुन्हा शोधायचं असेल तेव्हा. मी फक्त एवढंच म्हणालो की, नाना, मग त्या मयतीतल्या चपला? नाना म्हणाले, ‘‘ती नोकरी होती. हे रिटायर जीवन आहे.’’

बबल सॉर्ट मात्र त्यांना अजिबात झेपली नाही. मी तीस पोरं उंचीनं लावायला उभी केली. नियम साधा : शेजारच्या दोघांकडे बघायचं, उंच आधी असेल तर जागा बदलायची, पुढच्या जोडीकडे जायचं. एका फेरीत सगळ्यात उंच पोरगा टोकाला पोचतो. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटपर्यंत नेटानं केलं तर तीस पोरांत ४३५ तुलना. नानांनी डोक्याला हात लावला. ‘‘चारशे पस्तीस वेळा शेजाऱ्याकडं बघायचं? एवढं तर आमच्या भावकीत बघत नाहीत.’’

हा खेळ मी दिवाळीनंतर पुन्हा घेतला. आमच्याकडे दिवाळी झाली की वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडं निघतात. काही पोरं आजीजवळ मागं राहतात, काही बैलगाडीच्या सामानात जातात. वर्गात पंधरा उरली होती. या वेळी तुलना भरल्या १०५. पोरं निम्मी, काम जवळपास चौथ्या हिश्श्यावर आलं. एनचा वर्ग म्हणजे काय ते दाखवायला याहून नेमकं उदाहरण मिळालं नसतं. पुढच्या बाकावरच्या एकानं विचारलं, ‘‘सर, म्हणजे पोरं गेली की बरं?’’ मी खडू बदलला.

त्याच आठवड्यात एक मुकादम टोळीची यादी छापायला आला. मी विचारलं, नावानं लावू? तो म्हणाला, ‘‘नाव कशाला? उचलीनं लावा. ज्यास्तीचा वर.’’ नाना मागून म्हणाले, ‘‘आन् दोघांची उचल सारखी असली तर?’’ मुकादम म्हणाला, ‘‘मंग वहीत जो आधी हाय तो आधी. त्यात काय इचारायचं?’’ नानांनी पोरांकडं असं बघितलं की जणू उत्तर त्यांनीच दिलं होतं. याला स्टेबल सॉर्ट म्हणतात, आणि ती का लागते हे पटवायला मला एरवी दोन तास जातात.

सर टोनी होअर यांची गोष्ट सांगितल्यावर नाना निवळले. हा इंग्रज विद्यार्थी १९५९ च्या सुमारास मॉस्कोत रशियनचं इंग्रजी यंत्रानं करायच्या खटपटीत होता. शब्दकोश होता चुंबकीय टेपवर, वर्णक्रमानं. म्हणजे वाक्यातले शब्द आधी वर्णक्रमानं लावले तरच टेप एकदा फिरवून सगळे अर्थ मिळणार. त्याच्याही डोक्यात आधी बबल सॉर्टसारखंच काही आलं, ते फार मंद वाटलं, आणि मग क्विकसॉर्ट सुचली : एक शब्द निवडा, त्याच्या आधीचे इकडे, नंतरचे तिकडे, आणि दोन्ही ढिगांना पुन्हा तेच. इंग्लंडला परतल्यावर त्याचा साहेब म्हणाला, तुझी ती रीत तू म्हणतोस तेवढी वेगवान नाही, लाव सहा पेन्सची पैज. साहेब हरला. नानांना पैजेचं काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष टेपवर होतं. ‘‘टेप म्हणजे गाडीच की हो सर. गेलेलं स्टेशन मागं येत नाही.’’ त्या दिवसापासून ते होअरना ‘आपला माणूस’ म्हणतात.

घरी मात्र नानांचं काही चालत नाही. बालाघाटावर सीताफळांचा हंगाम आला की त्यांच्या ओसरीवर ढीग पडतो. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ते कसंही पडून राहावं हे नानांना बघवत नाही. ते ढिगातलं सगळ्यात मोठं शोधतात, भिंतीपाशी पहिलं ठेवतात. उरलेल्यातलं सगळ्यात मोठं शोधतात, दुसरं ठेवतात. पुस्तकात याला सिलेक्शन सॉर्ट म्हणतात, आणि पुस्तकातल्या आकड्यांना नखं लागत नाहीत. सीताफळांना लागतात. संध्याकाळपर्यंत ओळ भिंतीला लागून दारापर्यंत जाते, वाटाण्याएवढ्या फरकानं उतरत, बघत राहावी अशी. आणि पिकलेली निम्मी फळं हाताळून हाताळून फुटलेली असतात.

नानी येतात. अंगठ्यानं दाबून बघतात. हे आज, हे आज, हे उद्या, बाकी पोत्यात. दीड मिनिट. पोत्यात कोण कुणाच्या वर आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आत्ता खायचं कोणतं, एवढंच त्यांना हवं असतं, आणि ते नेहमी हाताशी असतं. कॉम्प्युटरवाल्यांनी या रीतीला प्रायॉरिटी क्यू असं नाव देऊन तिच्यावर प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली आहेत. मी हे नानींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘बसा, सीताफळ खा. हे आजचं आहे.’’

निवडणुकीत मात्र नानांना मान. मतदार यादी नावाच्या क्रमानं नसते, घरांच्या क्रमानं असते. त्यामुळे मतदानाच्या दिवशी केंद्रापासून दोनशे मीटरवर टेबलं टाकून बसलेले कार्यकर्ते बोट फिरवत शोधत राहतात, आणि समोर म्हातारी उन्हात उभी. शुद्ध लिनिअर सर्च. नाना आपल्या केंद्राची यादी आडनावानं लावून, हातानं लिहून आणायचे. हजाराच्या यादीत दहा वेळा पान उलटून नाव काढायचे. दोन्ही पक्ष त्यांना आपल्या टेबलावर बसवायला टपलेले. नाना मधोमध स्वतःची खुर्ची टाकायचे.

मागच्या खेपेला हात थरथरतो म्हणून त्यांनी यादी माझ्याकडून कॉम्प्युटरवर लावून घेतली. सकाळीच एक काळे आले. नानांनी मधलं पान उघडलं, तिथं काशीद होते. नानांच्या अंकलिपीत ळ हा ह नंतर येतो, म्हणजे काळे काशीदांच्या पुढं. ते पुढं गेले. आणखी पुढं गेले. काळे नाहीत. कॉम्प्युटरच्या साध्या क्रमात ळ असतो ल ला लागून, व च्या आधी, त्यामुळे काळे मागं राहिले होते. ‘‘नाव वगळलं!’’ नाना गरजले, आणि पाच मिनिटांत दोन्ही टेबलांवरची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. ती शांत होतात तोवर क्षीरसागर आले. नानांनी सरळ शेवटचं पान उघडलं, कारण क्ष आणि ज्ञ ही वर्णमालेची शेवटची घरं. कॉम्प्युटरनं क्षीरसागरांना उचलून क मध्ये, खाड्यांच्या अलीकडं बसवलं होतं. जन्मभर हजेरीत शेवटी बसलेला माणूस एकदम पुढच्या बाकावर.

बायनरी सर्चमधली खोच हीच आहे. यादी क्रमानं असून भागत नाही. शोधणाऱ्याच्या डोक्यातला क्रम आणि यादीचा क्रम एकच लागतो, नाहीतर समोर असलेलं नाव ‘नाही’ म्हणून छातीठोकपणे सांगितलं जातं. शिवाय ही रीत दिसते सोपी, लिहायला अवघड. ती पहिल्यांदा मांडली गेली १९४६ साली, आणि सगळ्या लांबीच्या याद्यांना बिनचूक चालेल अशी छापून यायला जवळपास दीड दशक गेलं. जावा भाषेबरोबर जगभर वाटलेल्या बायनरी सर्चमध्ये चूक आहे, हे तर २००६ मध्ये जाहीर झालं. दोन टोकांची बेरीज करून मध्य काढताना फार मोठ्या यादीत ती बेरीजच मावत नव्हती. हे नानांना सांगितल्यावर त्यांनी मला माफ केलं. ळ ला अजून केलेलं नाही.

खरी खडाजंगी झाली ती उन्हाळ्यात. वर्गातल्या एका पोरीनं कार्डांवर पिन लिहून आणले : मुंबई ४००००१, दिल्ली ११०००१, चेन्नई ६००००१, नागपूर ४४०००१, पुणे ४११००१, नाशिक ४२२००१, नगर ४१४००१, बीड ४३११२२ आणि आपलं ४१४२०४. म्हणाली, नाना, मी हे शेवटच्या आकड्यापासून लावणार. आधी फक्त एककाचा आकडा बघून ढीग. मग ते ढीग तसेच उचलून दशकाच्या आकड्यानं. मग शतकाच्या.

पहिल्या फेरीला मुंबई, दिल्ली, चेन्नई, नागपूर एका ढिगात पडले. नाना उभे राहिले. ‘‘हिला खात्यातून काढा.’’

पोरगी थांबली नाही. अट एकच होती, ढीग उचलताना आतला क्रम मोडायचा नाही, मुकादमाच्या वहीसारखा. सहाव्या फेरीनंतर तिनं कार्डं टेबलावर मांडली. दिल्ली, मुंबई, पुणे, नगर, पाटोदा, नाशिक, बीड, नागपूर, चेन्नई. एक आकडा इकडचा तिकडे नाही. मी सांगितलं की हे तिचं डोकं नाही, याला रॅडिक्स सॉर्ट म्हणतात, पंचकार्डं लावणारी जुनी यंत्रं अशीच शेवटच्या रकान्यापासून उलटी यायची. नाना काही बोलले नाहीत. कार्डं खिशात घालून घरी गेले. लाइट होती तरी दुसऱ्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधी बाकावर हजर. डोळे लाल.

‘‘पोरी, इकडं ये. दौंड सुटलं. नगरला दीड तास. तुझी तिसरी फेरी झालीय. प्लॅटफॉर्म लागला, खालचा माणूस हात वर करून उभा आहे. नगरची थैली दे.’’

ती कार्डांकडे बघत राहिली. ‘‘नाना, तिसऱ्या फेरीला शेवटचे तीनच आकडे लागलेत.’’

‘‘मग नगर कुठंय?’’

‘‘मुंबई-दिल्लीत मिसळलेलं.’’

‘‘झालं!’’ नानांनी मांडीवर थाप मारली. ‘‘आमचा पहिला आकडा पहिल्यांदा बघतात तो याच्यासाठी. पहिल्या हातातच दूरचं आन् जवळचं वेगळं. जे स्टेशन आलं त्याची थैली तयार. तुझं सगळं खरं होतं, पण मनमाडला.’’

वर्गानं टाळ्या वाजवल्या. पोरगी मान खाली घालून विचार करत होती. टाळ्या थांबल्यावर तिनं विचारलं, ‘‘पण नाना, गाडी सुटायच्या आधीच सहाही फेऱ्या उरकून घेतल्या तर?’’

नाना बराच वेळ गप्प बसले.

‘‘तेवढा स्टाफ,’’ ते म्हणाले, ‘‘खात्यानं कधी दिला नाही.’’